मागचा बार, पुढची पकड

पुढच्या चाकांनी ओढली जाणारी मोटार वळणात जोरात घातली की एका मर्यादेनंतर ती वळायचं नाकारते. स्टिअरिंग आणखी फिरवलं तरी नाक बाहेरच्या कडेकडे सरकत राहतं, पुढचे टायर किंचाळतात आणि चालक शेवटी नाइलाजानं ॲक्सिलरेटर सोडतो. याला अंडरस्टिअर म्हणतात. त्यावर हौशी चालक, रॅलीवाले आणि सुटे भाग विकणारे सर्वांत आधी जो उपाय सुचवतात तो म्हणजे मागचा स्वे बार जाड करा, आणि नसेल तर बसवा. इंजिनाला हात लावावा लागत नाही, खर्च कॉइलओव्हर सस्पेन्शनच्या मानानं कमी आणि परिणाम पहिल्याच वळणात जाणवतो. म्हणूनच या भागाभोवती भरपूर अतिशयोक्ती साचली आहे. ‘पकड वाढते’ हे त्यातलं सर्वांत जास्त ऐकू येणारं आणि सर्वांत चुकीचं विधान.

मागचा बार गाडीला नवी पकड देत नाही. तो मागच्या चाकांची पकड कमी करतो आणि त्या मोबदल्यात पुढच्या चाकांना थोडी मिळवून देतो. हा व्यवहार काही गाड्यांना आणि काही चालकांना फायद्याचा पडतो, काहींना महागात. या लेखात पाहायचं ते एवढंच, की तो कोणाला परवडतो आणि करायचाच झाला तर नीट कसा करायचा.

बार म्हणजे स्प्रिंग स्टीलची, यू अक्षरासारखी वाकवलेली सळई. मधला आडवा भाग दोन बुशांमधून गाडीच्या तळाला किंवा सबफ्रेमला धरलेला असतो. दोन्ही टोकं छोट्या लिंक रॉडनी डाव्या-उजव्या लोअर आर्मला जोडलेली असतात. दोन्ही चाकं एकाच वेळी वर गेली, समजा आडवा स्पीडब्रेकर आला, तर बार बुशांत नुसता फिरतो. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की मात्र त्याला पीळ बसतो आणि तो पीळ गाडीचं कलणं रोखतो. कॅनडातल्या फ्रेडरिक्टन गावच्या स्टीफन कोलमन यांनी १९१९ साली अशा बारचं पेटंट घेतलं; म्हणजे कल्पना शंभरीच्या पुढची आहे. आपल्या गॅरेजांत पुढच्या बारला सर्रास जंपिंग रॉड म्हणतात आणि त्याचे बुश बदलणं हे मेकॅनिकचं रोजचं काम. मागच्या बारशी त्याची गाठ क्वचित पडते, कारण आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना तो वेगळा नसतोच. त्याकडे पुढे येतो.

आधी आकडे, कारण या विषयातले बहुतेक वाद आकडे मांडले की मिटतात. हिशेबासाठी एक गाडी धरू. चालकासकट वजन १,१०० किलो, त्यातलं ६२ टक्के पुढे आणि ३८ टक्के मागे. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५२ सेंटिमीटरवर, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १४५ सेंटिमीटर. ही गाडी ०.७ जी इतक्या जोरानं वळत असेल, म्हणजे कोरड्या डांबरावर चांगलीच जोरात, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर साधारण २७६ किलो भार सरकतो. हा आकडा वजन, उंची, रुंदी आणि वळणाचा जोर यांवर ठरतो. बार मनगटाएवढा जाड घातला तरी तो जवळजवळ तेवढाच राहतो. बारच्या हातात एकच गोष्ट असते : त्या २७६ पैकी किती पुढच्या जोडीनं सोसायचे आणि किती मागच्या.

मूळ गाडीत ही वाटणी पुढे ५५ टक्के आणि मागे ४५ टक्के असेल, तर वळणात पुढच्या आतल्या चाकावर १८९ किलो उरतात आणि बाहेरच्यावर ४९३ येतात. मागचा बार जाड करून वाटणी पुढे ४० आणि मागे ६० वर आणली की पुढचे आकडे २३१ आणि ४५१ होतात. मागे उलटं घडतं. आधी ८५ आणि ३३३ होते, ते ४३ आणि ३७५ होतात. आता टायरचा स्वभाव लक्षात घ्या. त्याच्यावरचा भार दुप्पट केला म्हणून आडवी पकड दुप्पट होत नाही, दुपटीपेक्षा कमीच भरते. त्यामुळे समसमान भाराची जोडी असमान भाराच्या जोडीपेक्षा एकूण जास्त धरते. पुढची जोडी समतोलाच्या जवळ आली म्हणून तिची पकड वाढली. मागची लांब गेली म्हणून घटली. सारी किमया एवढीच.

पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत याला आणखी एक पदर आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना सारखाच मिळतो आणि तो किती मिळायचा हे कमी पकड असलेलं चाक ठरवतं. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की पुढचं आतलं चाक जागीच फिरू लागतं, कारण त्याच्यावर भार उरलेला नसतो. आपल्या हिशेबातल्या गाडीत त्याच चाकाला ४२ किलो जास्त मिळाले आहेत. म्हणून अशा गाडीला पुढचा बार जाड करून मागचा तसाच ठेवणं बहुधा घाट्याचा सौदा ठरतं. अमेरिकेतल्या एससीसीए संस्थेच्या ऑटोक्रॉस शर्यतींत ‘स्ट्रीट’ वर्गाच्या नियमांनुसार पुढचा किंवा मागचा, यांपैकी एकच बार बदलता येतो. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांचे स्पर्धक त्यात बहुतेक वेळा मागचाच निवडतात. सेकंदाच्या अंशासाठी झगडणाऱ्या माणसांची ही निवड कुठल्याही जाहिरातीपेक्षा बोलकी आहे.

अपवाद नोंदवायला हवा. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेली मऊ गाडी फार कलली की बाहेरच्या पुढच्या चाकाचा कॅम्बर, म्हणजे उभा कल, बिघडतो आणि टायर आपल्या कडेवर उभा राहतो. अशा गाडीला पुढचा बार थोडा जाड केल्यानंही पुढची पकड वाढू शकते, कारण कलणं कमी झाल्याचा फायदा भाराच्या तोट्यावर मात करतो. मागचा बारही एकूण कलणं काही अंशी कमी करतोच, त्यामुळे कॅम्बरचा हा फायदा त्याच्याही पदरात पडतो.

या खेळाला मर्यादा कुठे आहे? आपल्या गाडीच्या प्रत्येक मागच्या चाकावर स्थिर अवस्थेत २०९ किलो आहेत. एकूण सरकणाऱ्या भारातले ७६ टक्के मागच्या जोडीवर टाकले की आतल्या चाकावर शून्य उरतं आणि ते जमीन सोडतं. फोक्सवॅगननं १९७६ साली गोल्फ जीटीआय बाजारात आणली, तेव्हापासूनची मागचं आतलं चाक हवेत उचललेली तिची छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. हौशी मंडळी हे चित्र पदकासारखं मिरवतात. प्रत्यक्षात चाक उचललं जाणं म्हणजे मागच्या बारचं काम संपल्याची खूण आहे. त्यापुढचा सगळा भार पुढच्याच जोडीवर जातो आणि बार आणखी कडक केला तरी त्या वळणात काहीही बदलत नाही. ज्या गाडीचं चाक आधीच उचललं जातं तिला जाड बार विकणारा माणूस ग्राहकाला नुसता लोखंडाचा तुकडा विकत असतो.

मग कारखानेच हा बार जाड का देत नाहीत? खर्च हे उत्तराचं एक टोक. दुसरं महत्त्वाचं. अंडरस्टिअर ही चूक नव्हे, ते मुद्दाम ठेवलेलं कुंपण आहे. घाबरलेला सामान्य माणूस ॲक्सिलरेटर सोडतो आणि ब्रेक दाबतो. नाक बाहेर जाणारी गाडी त्यानं हळू होते आणि पुन्हा रस्त्यावर येते. शेपूट सुटणारी गाडी मात्र नेमकी त्याच क्षणी आणखी सुटते, कारण ॲक्सिलरेटर सोडताच भार पुढे धावतो आणि आधीच हलकी झालेली मागची चाकं आणखी हलकी होतात. १९८० च्या दशकातली प्यूजो २०५ जीटीआय याच स्वभावासाठी एकाच वेळी लाडकी आणि बदनाम होती. जाणकारांच्या हातात ती नाचायची, नवख्यांच्या हातून मागच्या बाजूनं कुंपणात जायची. १९९७ साली स्वीडनमध्ये मर्सिडीजची नवी ए-क्लास ‘मूस टेस्ट’मध्ये, म्हणजे अचानक आलेला अडथळा चुकवण्याच्या चाचणीत, उलटली, तेव्हा कंपनीला सस्पेन्शन सुधारून वर ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) प्रत्येक गाडीत द्यावं लागलं. कारखान्यांचे अभियंते मागची बाजू का जपतात, ते या दोन उदाहरणांत दिसतं.

जाडीबद्दल बोलताना एक नियम पाठ असावा. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. १९ मिलिमीटरचा बार काढून २२ चा घातला तर तीन मिलिमीटरच वाढले असं वाटतं. कडकपणा मात्र ८० टक्के वाढलेला असतो. १६ वरून १९ वर गेलं तर जवळजवळ दुप्पट. पोकळ बारही मिळतात आणि त्यांना कमी लेखू नये. २५ मिलिमीटर व्यासाचा आणि तीन मिलिमीटर भिंतीचा पोकळ बार भरीव बारच्या ४२ टक्के वजनात ६७ टक्के कडकपणा देतो. ‘आमचं स्टील वेगळं आहे म्हणून बार जास्त कडक’ हा दावा मात्र सरळ बाजूला सारावा. सगळ्या स्टीलचा लवचिकतेचा गुणांक जवळपास सारखाच असतो. चांगलं स्टील बार तुटू देत नाही, वाकून तसाच राहू देत नाही. कडकपणा ठरतो तो आकारावरून.

बाजारात ऑस्ट्रेलियाची व्हाइटलाइन, जर्मनीच्या आयबाख आणि एच अँड आर, मलेशियाची अल्ट्रा रेसिंग ही नावं नेहमी समोर येतात. माझ्या मते नावापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात : बार नेमक्या आपल्या मॉडेलसाठी बनवला आहे का, ब्रॅकेट किती जाड आहेत आणि टोकाला एकापेक्षा जास्त भोकं आहेत का. सुट्या मिळणाऱ्या मागच्या टॉवर बारची या बारशी गल्लत करू नये. तो दोन शॉकअपच्या माथ्यांमध्ये बसतो आणि भाराच्या वाटणीशी त्याचा संबंध नाही. दुकानदार दोन्ही एकाच दमात विकतात, म्हणून सांगितलं.

आता बसवणं. काम किती अवघड आहे, हे पूर्णपणे गाडीच्या मागच्या बांधणीवर अवलंबून आहे. १९९० च्या दशकातल्या होंडा सिव्हिक आणि इंटेग्रामध्ये मागचा बार उघड्यावर, हाताशी असतो. दोन ब्रॅकेट आणि दोन लिंक सोडल्या की बार खाली. त्यामुळे या गाड्या जगभर या प्रयोगाच्या प्रयोगशाळा बनल्या. पण त्याच गाड्यांनी पहिला मोठा धडाही दिला. साध्या सिव्हिकला मागे एकतर बार नसायचा किंवा १३ मिलिमीटरच्या आसपासचा बारीक बार असायचा. लोकांनी त्यात इंटेग्रा टाइप आरचा साधारण २२ मिलिमीटरचा बार घातला. चौथ्या घाताचा हिशेब केला तर कडकपणा आठपट होतो. ब्रॅकेट ज्या पत्र्यावर बसतात तो पत्रा या भारासाठी बनवलेलाच नव्हता, आणि काही गाड्यांत तो चक्क फाटला. त्यानंतर त्या जागेला आधार देणाऱ्या मजबुतीच्या पट्ट्या स्वतंत्रपणे विकल्या जाऊ लागल्या. बार जाड करताना तो ज्याला धरून आहे ते किती सोसेल, हा प्रश्न पहिला विचारायचा असतो. हा नियम सिव्हिकपुरता नाही.

दुसऱ्या टोकाला बीएमडब्ल्यूच्या काळातली मिनी आहे. २००१ पासूनच्या पहिल्या पिढीत मागचा बार सबफ्रेम आणि तळ यांच्या सांदीत अडकलेला असतो. तो बाहेर काढायला मागची सबफ्रेम सैल करून काही इंच खाली सोडावी लागते. गोल्फच्या पाचव्या पिढीचीही साधारण हीच गत. सबफ्रेम सोडायची म्हटल्यावर ब्रेकचे होज, एबीएसच्या वायरी आणि हँडब्रेकच्या केबल ताणल्या जाणार नाहीत हे पाहावं लागतं, सबफ्रेमखाली जॅकचा आधार लागतो आणि काम झाल्यावर चारी चाकांचं अलाइनमेंट करून घ्यावं लागतं. हे घराच्या पार्किंगमध्ये एकट्यानं करायचं काम नव्हे.

गाडी कुठलीही असो, काही गोष्टी सगळीकडे सारख्या. मागची दोन्ही चाकं एकदम उचला आणि गाडी जॅकस्टँडवर ठेवा; नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नये, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. एकच बाजू उचलली तर एक चाक लोंबतं, दुसरं दबलेलं राहतं, बार पिळलेला राहतो आणि लिंकचा बोल्ट भोकात शिरता शिरत नाही. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत फिरलेल्या गाडीचे लिंकचे नट गंजून एकजीव झालेले असतात. आदल्या रात्री गंजतेल मारून ठेवलं तर सकाळचं अर्धं भांडण वाचतं. लिंकचा बॉल नटाबरोबर फिरू लागला तर त्याच्या टोकाच्या खाचेत ॲलन की घालून तो धरायचा आणि नट पान्यानं सोडवायचा. नायलॉक नट एकदा काढला की नवा घालावा. नट किती आवळायचे ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. टॉर्क पाना नसेल तर उसना आणा.

बुशांकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. नव्या बारबरोबर बहुधा पॉलियुरेथेनचे बुश येतात. ते रबरापेक्षा कडक असतात, त्यामुळे बारचा पीळ बुश दबण्यात वाया जात नाही. पण कोरडे पडले की प्रत्येक खड्ड्याला कुईकुई करतात. बुशाच्या आतल्या बाजूला बनवणाऱ्यानं दिलेलंच सिलिकॉन ग्रीस भरपूर लावायचं. गॅरेजच्या डब्यातलं कुठलंही ग्रीस नव्हे. आपल्या धुळीत आणि पावसाळी चिखलात हे ग्रीस लवकर धुपतं, म्हणून ब्रॅकेटला ग्रीस निपल असलेला संच मिळाला तर थोडे पैसे जास्त गेले तरी घ्यावा. काही गाड्यांचे मूळ रबरी बुश बारला चिकटवलेले असतात आणि फिरण्याऐवजी आतल्या आत पिळले जातात. तसे बुश परत वापरायचे असतील तर गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे, नाहीतर ते कायम ताणलेले राहून लवकर फाटतात. शिवाय बार डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून बुशांच्या बाजूला रिंगा बसवायच्या असतात. संचात त्या आल्या असतील तर ‘जास्तीचा भाग’ म्हणून डब्यात टाकू नयेत.

लिंक जोडताना बार अजिबात पिळलेला नसावा, ही बसवण्यातली सर्वांत महत्त्वाची अट. गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर उभी असताना दोन्ही लिंक हातानं आत-बाहेर सरकायला हव्यात. एक सहज बसते आणि दुसरीला टॉमी लावून ढकलावं लागतं, याचा अर्थ बार उभ्या गाडीतच पिळला आहे; यालाच प्रीलोड म्हणतात. अशी गाडी डाव्या वळणात एक आणि उजव्या वळणात दुसरीच वागते, आणि मालक महिनाभर अलाइनमेंटवाल्याला दोष देत फिरतो. कमी-जास्त लांबीच्या लिंक याच कामासाठी असतात. खाली सोडलेल्या, म्हणजे उंची कमी केलेल्या गाडीला त्या जवळजवळ आवश्यकच. काम झाल्यावर सायलेन्सरचा पाइप, पेट्रोलची टाकी, ब्रेक होज आणि हँडब्रेकची केबल यांच्यापासून बार किती अंतरावर आहे ते चाकं पूर्ण लोंबताना आणि पूर्ण दबलेली असताना, असं दोन्ही अवस्थांत पाहावं. शंभर-दोनशे किलोमीटर चालवून सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत.

ॲडजस्ट करायचं तत्त्व सोपं, पण पहिल्यांदा उलटं वाटतं. बारच्या हाताला दोन किंवा तीन भोकं असतात. टोकाचं भोक म्हणजे लांब हात, आणि लांब हात म्हणजे मऊ. वाकणाच्या जवळचं भोक कडक. कडकपणा हाताच्या लांबीच्या वर्गानं बदलतो. २५० मिलिमीटरचा हात २२५ केला तर सुमारे २३ टक्के वाढ, २०० केला तर ५६ टक्के. दोन भोकांच्या बारमध्ये एक बाजू मऊ आणि दुसरी कडक लावून मधली तिसरी पायरीही मिळवता येते. गाडी त्यानं एकीकडे ओढेल अशी भीती अनेकांना वाटते, पण तीत तथ्य नाही. बार एकच आहे, पीळ दोन्ही टोकांना मिळूनच बसतो, आणि लिंक मोकळ्या बसत असतील तर सरळ रस्त्यावर काहीच फरक पडत नाही. भोक बदलल्यावर लिंक फार तिरपी होत नाही ना, एवढं बघायचं. ती हाताशी काटकोनाच्या जवळ असावी.

सुरुवात नेहमी सर्वांत मऊ भोकापासून करावी. मोकळं मैदान किंवा भाड्यानं मिळणारा ट्रॅक हवा, रस्ता नव्हे. वाहन उद्योग ज्या आयएसओ ४१३८ मानकानुसार ही चाचणी करतो, तिचं तत्त्व एका वर्तुळात स्थिर वेगानं फिरण्याचंच आहे, आणि हौशी माणसालाही ते जमतं. ३० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ताशी ५० किलोमीटरच्या थोडं वर गेलं की ०.७ जी होतो. वेग हळूहळू वाढवत नेताना स्टिअरिंग किती जास्त फिरवावं लागतं ते पाहा. मग त्याच वेगात ॲक्सिलरेटर झटकन सोडा आणि शेपूट काय करते ते पाहा. पहिली चाचणी बारचा फायदा दाखवते, दुसरी त्याची किंमत. बहुतेक जण पहिलीच करतात. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. टायरमधली हवा, अलाइनमेंट आणि बार एकाच दिवशी बदलणाऱ्याला शेवटी काहीच कळत नाही.

हवेचा विषय निघालाच आहे तर, मागच्या टायरांत दोन-तीन पीएसआय हवा जास्त भरणं हा ऑटोक्रॉसवाल्यांचा जुना फुकट उपाय आहे. जाड बारची चव कशी असेल याचा थोडा अंदाज त्यातून येतो. तेवढ्यानंच समाधान झालं तर पुढचा खर्च वाचला.

आपल्याकडच्या गाड्यांची गोष्ट वेगळी, कारण स्विफ्ट, पोलो, आय-ट्वेंटी, होंडा सिटी या आणि अशा बहुतेक गाड्यांना मागे ट्विस्ट बीम असतो. दोन मागच्या आर्मना जोडणारी उघड्या कापाची पोलादी तुळई. १९७४ सालच्या फोक्सवॅगन सिरोको आणि गोल्फ यांनी ही मांडणी रुळवली. स्वस्त, आटोपशीर, आणि ही तुळई स्वतःच पिळली जात असल्यामुळे बारचं काम तीच करते. अशा गाडीला ‘मागचा बार’ म्हणून जे मिळतं ते दोन आर्मच्या मध्ये बोल्टनं किंवा क्लॅम्पनं बसणारी जास्तीची सळई असते. बसवायला सोपी, पण तिला सहसा भोकं नसतात, म्हणजे ॲडजस्ट करायचा प्रश्नच निकालात. मिळेल तेवढा कडकपणा घ्या. त्यातही तुळईला ड्रिलनं भोक पाडून किंवा वेल्डिंग करून काही बसवायचं कोणी सुचवलं तर तिथून निघावं. ही तुळई आयुष्यभर पिळली जाते आणि भोकाच्या कडेला किंवा वेल्डच्या टोकाला तडा सुरू होतो. बार घेण्याआधी तुळईचे पुढचे दोन मोठे बुश तपासावेत. ते झिजले असतील तर आडव्या जोरानं आख्खी तुळई किंचित वळते आणि मागची चाकं स्वतःच स्टिअर करू लागतात. मागून गाडी ‘तरंगते’ अशी तक्रार घेऊन बार शोधणाऱ्या अनेकांना खरं तर हे दोन बुशच हवे असतात.

२००६ साली भारतात आलेली होंडा सिव्हिक किंवा स्कोडा सुपर्ब अशा मोजक्या गाड्यांत मागे स्वतंत्र सस्पेन्शन आणि कारखान्याचा बार आहे. भोकांचा, लिंकचा आणि प्रीलोडचा सारा तपशील आपल्याकडे प्रामुख्यानं त्यांनाच लागू पडतो.

रस्त्यांचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. बार दोन चाकांना बांधतो, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं की त्याचा धक्का दुसऱ्या बाजूलाही पोहोचतो आणि गाडी डावी-उजवीकडे डोलते. गुळगुळीत ट्रॅकवर हे कळत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या उखडलेल्या पट्ट्यावर मागं बसलेली मंडळी लगेच सांगतात. पावसाळ्यात तर शर्यतींतले लोकही मागचा बार मऊ करतात किंवा एक लिंक सोडून तो निकामी करतात, कारण ओल्या रस्त्यावर शेपूट कमी वेगात आणि कमी इशाऱ्यात सुटते. आंबोली किंवा वरंध घाटात जुलै महिन्यात, शेवाळलेल्या वळणावर समोरून एसटी आली म्हणून ॲक्सिलरेटर सोडावा लागणं हे आपल्याकडे अपवादात्मक दृश्य नाही. नेमकं तेव्हाच कडक मागचा बार सर्वांत वाईट वागतो. मागे तीन माणसं आणि डिकीत गणपतीचं सामान असेल तर मागच्या टायरांवर बोजा आणखी वाढतो. ईएसपी असलेली गाडी सावरायचा प्रयत्न करते, पण तिचं गणित कारखान्याच्या बारवर बसवलेलं असतं. त्यामुळे ती कधी गरज नसताना मध्ये पडते.

कायद्याचंही पाहायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नं गाडीतल्या फेरफारांवर मर्यादा घातल्या आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या फेरफाराला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गाडीखालचा बार रस्त्यावरच्या पोलिसाला दिसत नाही हे खरं. अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरला दिसतो. वॉरंटीतल्या गाडीच्या सस्पेन्शनचा दावाही त्यानं अडचणीत येऊ शकतो.

एवढं सगळं तोलून माझा कौल असा. ट्रॅक डे, ऑटोक्रॉस किंवा रॅलीसाठी ठेवलेली, स्वतंत्र मागच्या सस्पेन्शनची, पुढच्या चाकांनी चालणारी गाडी असेल तर ॲडजस्ट होणारा मागचा बार हा पैशाच्या मानानं सर्वांत जास्त बदल घडवणारा भाग आहे. घ्यावा, मऊ भोकावर बसवावा आणि चाचणी घेत कडक करावा. रोजच्या वापराची ट्विस्ट बीमवाली हॅचबॅक असेल आणि पावसाळ्यात घाट चुकणार नसतील, तर घेऊ नये. मधल्या लोकांनी, म्हणजे स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी रोज चालवणाऱ्यांनी, कारखान्याच्या बारपेक्षा एका पायरीनं जाड बार घेऊन थांबावं आणि तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत सर्वांत मऊ भोकावर ठेवावा. आणि बार बसवा अथवा न बसवा, दोनच नवे टायर घ्यायचे झाले तर ते मागे घाला आणि जुने पुढे आणा. आपल्याकडचे बहुतेक टायरवाले नेमकं उलटं करतात. त्यांना तसं करू देऊ नका.